चालत्या प्रोग्रामला लायब्ररी जोडताना

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलाचा पत्ता सांताक्रूझ पूर्वेचा. या विद्यापीठाच्या कम्प्युटर इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनी सिस्टिम प्रोग्रामिंगच्या पेपरासाठी ‘लिंकर आणि लोडर’ हे प्रकरण वर्षानुवर्षं अभ्यासलं आहे. अ‍ॅब्सोल्यूट लोडर, रिलोकेटिंग लोडर, डायरेक्ट लिंकिंग लोडर अशा पायऱ्या चढत हा विषय डायनॅमिक लिंकिंगपाशी पोचतो आणि बहुधा तिथेच आटोपतो. जॉन डोनोव्हन यांचं १९७२ मधलं पुस्तक किंवा आयआयटी मुंबईचे डी. एम. ढमढेरे यांचं पुस्तक, यांपैकी एक तरी इथल्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर असायचं. दोन्ही पुस्तकं पाया पक्का करतात. पण नोकरीत पडणारा प्रश्न त्याच्या पुढचा असतो. प्रोग्राम चालू असतानाच बाहेरची लायब्ररी मागवायची, तिच्यातलं हवं ते फंक्शन नावाने शोधायचं आणि वापरायचं, हे विंडोज, लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइड या चारही ठिकाणी भरवशाने कसं करावं?

हा प्रश्न या परिसराला नवा नाही. नावात सांताक्रूझ असलेलं, पण प्रत्यक्षात अंधेरी पूर्वेला वसलेलं सीप्झ १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी उभं राहिलं आणि पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांचंही घर झालं. इथे लिहिलेलं सॉफ्टवेअर परक्या देशात, परक्या यंत्रणेवर चालवायचं, हेच त्या कामाचं स्वरूप होतं. म्हणूनच चाळीस वर्षांत या प्रश्नाचं काय झालं, कोणत्या बाबतीत एकमत आहे आणि कुठे वाद चालू आहे, हे एकदा नीट मांडून पाहण्यासारखं आहे.

पार्श्वभूमी

कल्पना जुनी आहे. एमआयटी, बेल लॅब्स आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी १९६० च्या दशकात उभारलेल्या मल्टिक्स या यंत्रणेत फंक्शनचा उल्लेख पहिल्यांदा होईल तेव्हाच ते जोडलं जाई. त्यानंतर आलेल्या युनिक्सने मात्र साधेपणा निवडला. लागणारं सगळं एकाच फाइलमध्ये भरायचं, की काम झालं. खिडक्या आणि चित्रांचा जमाना आला तेव्हा हे परवडेना. प्रत्येक छोट्या प्रोग्राममध्ये त्याच भल्यामोठ्या लायब्ररीची वेगळी प्रत, आणि मेमरी तर मोजकी.

मायक्रोसॉफ्टने १९८५ मध्ये विंडोजच्या पहिल्याच आवृत्तीत डीएलएल आणल्या, त्यामागे हीच मेमरीची टंचाई होती. युनिक्सच्या बाजूला सनने १९८८ मध्ये सनओएस ४ मधून शेअर्ड लायब्ररी आणल्या. पाठोपाठ सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या आवृत्तीबरोबर ईएलएफ हा फाइलींचा साचा आला आणि डीएलओपन, डीएलसिम, डीएलक्लोज हे फंक्शनांचं त्रिकूट रूढ झालं. लिनक्सने साधारण १९९५ पासून हाच साचा स्वीकारला. त्याआधी लिनक्सवर प्रत्येक शेअर्ड लायब्ररीला मेमरीतला ठरावीक पत्ता आधीच नेमून द्यावा लागे, आणि ते सांभाळणं हे एक वेगळंच काम होऊन बसलं होतं. मॅकची वाट तिसरीच होती. नेक्स्टस्टेपकडून आलेला माख-ओ साचा, त्यात ‘डायलिब’ आणि ‘बंडल’ असे दोन प्रकार आणि लोड करण्याची स्वतंत्र फंक्शनं. डीएलओपन तिथे यंत्रणेचाच भाग म्हणून नीट रुळलं ते २००५ च्या टायगर आवृत्तीत.

सुटलेला भाग आणि न सुटलेला भाग

फंक्शन हाक मारून मागवण्याचा भाग आता सुटला आहे, असं म्हणायला हरकत नाही. विंडोजवर लोडलायब्ररी, गेटप्रॉकअ‍ॅड्रेस आणि फ्रीलायब्ररी, इतरत्र वरचं त्रिकूट. दोन्हींवर एकच आवरण चढवणारी साधनं भरपूर आहेत: ग्नूची लिबएलटीडीएल, जीलिबचं जीमॉड्यूल, क्यूटीचं क्यूलायब्ररी, पायथनचं सीटाइप्स. जावात तर १९९६ पासून लायब्ररीचं नुसतं मूळ नाव द्यायचं. त्याला विंडोजवर डीएलएल, लिनक्सवर एसओ आणि मॅकवर डायलिब हे शेपूट लावण्याचं काम जावाच करते. डॉटनेटने असं साधन २०१९ मध्ये आणलं. जावा २२ पासून, म्हणजे मार्च २०२४ पासून, सी भाषेतली जोडपट्टी न लिहिताही बाहेरचं फंक्शन थेट बोलावता येतं.

पण या आवरणाखाली चार फरक तसेच राहतात. अनुभवी माणसाचाही वेळ जातो तो यांच्यापायी.

पहिला फरक शोधण्याच्या क्रमाचा. विंडोज प्रोग्रामच्या फोल्डरपासून सुरुवात करते. लिनक्स फाइलीत कोरलेली वाट, पर्यावरणातलं चल आणि यंत्रणेची ठरलेली फोल्डरं असा क्रम पाळतं. प्रोग्रामच्या शेजारी ठेवलेली लायब्ररी तिथे मुद्दाम सांगितल्याशिवाय दिसत नाही. मॅकवर फाइलीत सापेक्ष वाट लिहिण्याची सोय आहे, पण ती वेगळ्या खुणांनी. अपयश आलं की मिळणारे निरोपही दिशाभूल करतात. विंडोजचा १२६ क्रमांकाचा दोष ‘मॉड्यूल सापडलं नाही’ असं म्हणतो, आणि फाइल तर डोळ्यांसमोर असते. सापडलेली नसते ती त्या फाइलीला लागणारी दुसरी फाइल. तिचं नाव निरोपात नसतं.

दुसरा फरक नावांच्या जुळणीचा. विंडोजवर आयात करताना कोणत्या डीएलएलमधलं कोणतं फंक्शन, हे दोन्ही लिहिलेलं असतं. मॅकनेही २००१ मध्ये अशीच दोन पातळ्यांची व्यवस्था स्वीकारली. ईएलएफमध्ये मात्र नुसतं फंक्शनचं नाव असतं आणि ठरलेल्या क्रमात जी लायब्ररी ते आधी देईल तिचं चालतं. याचा फायदा असा की मधेच आपली लायब्ररी घुसवून मेमरीची गळती शोधता येते. तोटा असा की दोन प्लगिनांनी एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आणल्या, तर एकाची हाक दुसऱ्याकडे जाऊ शकते. मग प्रोग्राम कोसळतो तो मूळ दोषापासून फार लांब, भलत्याच ठिकाणी.

तिसरा फरक मेमरीच्या मालकीचा. विंडोजवर प्रत्येक डीएलएल आपापली सी-लायब्ररी पोटात घेऊन येऊ शकते. एकीने घेतलेली मेमरी दुसरीने सोडली की गोंधळ झालाच. २०१५ च्या समाईक सी-लायब्ररीने ही धार कमी केली, पण घालवली नाही. म्हणून ‘ज्याने घेतली त्यानेच सोडावी’ हा नियम लिनक्सपुरतं लिहिणाऱ्यानेही पाळलेला बरा.

चौथा फरक लायब्ररी उतरवण्याचा, आणि इथे तर एकमतच नाही. लिनक्सच्या छोट्या आवृत्त्यांत वापरली जाणारी मसल ही सी-लायब्ररी डीएलक्लोजला मान डोलावते आणि काहीच करत नाही. तिच्या कर्त्यांनी हे जाणीवपूर्वक ठरवलं आहे. उतरवलेल्या लायब्ररीतलं एखादं फंक्शन कुठल्या तरी थ्रेडने नंतर बोलावलं तर काय, याला खात्रीचं उत्तर नाही, म्हणून उतरवूच नये, असा त्यांचा पक्ष. दिवसचे दिवस बंद न होणारे सर्व्हर आणि चालू कामात प्लगिन बदलू पाहणारे ध्वनिसंपादक यांना हा पक्ष मानवत नाही. मला पहिला पक्ष अधिक सुरक्षित वाटतो. पण दुसऱ्यांची गरज खोटी नाही.

देवनागरीचं उदाहरण

हा सारा वाद मराठी वाचकाच्या अगदी जवळ येतो तो अक्षरांच्या मांडणीत. ‘कि’ लिहिताना वेलांटी साठवणीत नंतर येते, पण दिसायला आधी यावी लागते. ‘वाऱ्यावर’ आणि ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. संकेतांच्या ओळीतून नेमकी आकृती निवडण्याचं हे काम फॉन्ट एकटा करत नाही. त्यासाठी मांडणीचं इंजिन लागतं, आणि ते इंजिन म्हणजे एक शेअर्ड लायब्ररी.

विंडोज २००० मध्ये हिंदी, मराठी, कोकणी आणि संस्कृत यांना युनिकोडचा आधार मिळाला. फॉन्ट होता मंगल, सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रेखलेला. इंजिन होतं युनिस्क्राइब, फाइलीचं नाव यूएसपी१० डीएलएल. विंडोज एक्सपीत कंट्रोल पॅनलमधून संयुक्त लिप्यांचा आधार वेगळा बसवावा लागे. तो बसवलेला नसला की मराठी मजकुरातल्या वेलांट्या भलतीकडे जात, हे त्या काळी संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांना चांगलंच आठवत असेल. शिवाय ऑफिसबरोबर युनिस्क्राइबची वेगळी, बहुधा नवी प्रत येई. एकाच संगणकावर एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्या, आणि कोणता प्रोग्राम कोणती उचलतो त्यावर अक्षरांचं दिसणं अवलंबून.

त्याच सुमारास जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवर, सांताक्रूझ-पार्ल्याच्या पश्चिमेला, एनसीएसटी ही संस्था लिनक्सवर हाच प्रश्न सोडवू पाहत होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संगणक केंद्रातून १९८५ मध्ये स्वतंत्र झालेली ही संस्था २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. जोशी यांचं फॉन्टचं कामही तिथे चाले. तिथल्या इंडिक्स या प्रकल्पाने मांडणीचं काम एक्स विंडो या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेच्या पातळीवरच ठेवलं. विचार असा की पायाच देवनागरी जाणत असेल तर वरच्या प्रोग्रामांत काहीही न बदलता मराठी दिसू लागेल. जुन्या प्रोग्रामांच्या दृष्टीने ही मोठी सोय होती.

लिनक्सचं जग मात्र दुसऱ्या वाटेने गेलं. मांडणी प्रोग्रामच्या बाजूच्या लायब्ररीत आली. डेस्कटॉपांपैकी नोमकडे पँगो, केडीईकडे क्यूटी. पँगोची सुरुवातीची रचना आपल्या विषयाचा उत्तम नमुना आहे. प्रत्येक लिपीसाठी वेगळं मॉड्यूल, म्हणजे वेगळी एसओ फाइल. देवनागरी मजकूर समोर आला की यादीत पाहून भारतीय लिप्यांचं मॉड्यूल मागवायचं. ज्याला ती लिपी लागत नाही त्याच्या मेमरीत ते येतच नाही. कागदावर यापेक्षा नेटकी रचना शोधून सापडणार नाही. प्रत्यक्षात ती यादीची फाइल शिळी झाली, किंवा ३२ बिटांची आणि ६४ बिटांची मॉड्यूलं एकमेकांत मिसळली, की पडद्यावर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन येत.

२०१२ नंतर पँगोने मांडणी हार्फबझ या एकाच लायब्ररीकडे सोपवली आणि पुढे मॉड्यूलांची व्यवस्थाच काढून टाकली. सर्व लिप्या एकाच इंजिनात. लिब्रेऑफिसचा प्रवासही तसाच. आधी ते विंडोजवर युनिस्क्राइब, मॅकवर कोअरटेक्स्ट आणि लिनक्सवर तिसरंच इंजिन वापरत असे. एकाच दस्तऐवजाच्या ओळी तीन ठिकाणी तीन जागी तुटत. फेब्रुवारी २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून तिन्हीकडे हार्फबझ आलं. फायरफॉक्स आणि क्रोम तर हार्फबझ आपल्या पोटातच बाळगतात.

मराठी वाचकाला याचा थेट लाभ झाला. ‘ऱ्या’ सगळीकडे सारखा दिसू लागला, आणि ही गोष्ट मला मोठी वाटते. पण त्याची किंमतही सांगायला हवी. यंत्रणेची एक सामाईक प्रत जाऊन प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात एक प्रत आली. हार्फबझमध्ये उद्या सुरक्षेचा दोष सापडला, तर तो प्रत्येक पोटात जाऊन दुरुस्त करावा लागेल.

दोन भूमिका, आणि एक तिसरी

इथून मुख्य वादाकडे येतो. डेबियन, फेडोरासारख्या लिनक्स वितरणांचा पक्ष सामाईक प्रतीचा. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड दोष उघड झाला, तेव्हा जिथे लायब्ररी सामाईक होती तिथे ती एकच फाइल बदलून, सेवा पुन्हा सुरू केल्या की काम भागलं. जिथे ती प्रोग्रामांच्या आत मुरलेली होती तिथे आधी शोधत बसावं लागलं की ती कुठे कुठे आहे.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा पक्ष स्वतःच्या प्रतीचा. आम्ही ज्या आवृत्तीवर तपासलं तीच ग्राहकाकडे चालावी, ही त्यांची मागणी. विंडोजवर १९९० च्या दशकात एका प्रोग्रामच्या इन्स्टॉलरने सामाईक डीएलएल बदलायची आणि दुसऱ्या प्रोग्रामने बंद पडायचं, हे इतकं नित्याचं झालं होतं की मायक्रोसॉफ्टला विंडोज २००० मध्ये यंत्रणेच्या फाइलींवर पहारा बसवावा लागला आणि एक्सपीत आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवण्याची सोय करावी लागली. गो आणि रस्ट या भाषांचा कलही शक्यतो सारं एकाच फाइलीत भरण्याकडे आहे. फ्लॅटपॅक, स्नॅप, पायथनची ‘व्हील’ पाकिटं हीसुद्धा याच पक्षाची अपत्यं.

सुरक्षेचा युक्तिवाद दोन्ही बाजूंना कापतो. शोधण्याच्या क्रमाचा फायदा घेऊन खऱ्या डीएलएलऐवजी खोटी पेरता येते. ऑगस्ट २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टला याबद्दल जाहीर सूचना काढावी लागली. त्याच वर्षी उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने सीमेन्सच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरमधली एक डीएलएल बदलूनच आपलं काम साधलं होतं.

याहून बोलकं उदाहरण मार्च २०२४ मधलं. प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने दुरून होणारा लॉगिन किंचित हळू झाल्याचं जाणवलं, आणि त्या धाग्याने मागे जाता जाता त्यांना एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं. एसएसएचला एक्सझेडची गरजच नव्हती. काही वितरणांनी एसएसएचला सिस्टिमडी या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेची लायब्ररी जोडली होती, ती केवळ ‘सेवा सुरू झाली’ एवढा निरोप देण्यासाठी. सिस्टिमडीच्या लायब्ररीला एक्सझेड लागत होती. म्हणून ती लॉगिन तपासणाऱ्या प्रोग्रामच्या मेमरीत सुरुवातीलाच येऊन बसली.

सिस्टिमडीने अशा लायब्ररी सुरुवातीला न जोडता खरी गरज पडेल तेव्हाच डीएलओपनने मागवण्याचं काम त्याआधीच हाती घेतलं होतं. जून २०२४ च्या २५६ व्या आवृत्तीत ते लोकांसमोर आलं. अनावश्यक लायब्ररी मेमरीत नको, हा त्याचा लाभ उघड आहे. आक्षेपही तितकाच सरळ आहे. सुरुवातीला जोडलेली लायब्ररी फाइलीच्या माथ्यावर लिहिलेली असते, कोणालाही वाचता येते. डीएलओपनने मागवलेलं नाव कोडच्या पोटात दडतं. मग पॅकेज बनवणाऱ्याला आणि सुरक्षा तपासणाऱ्याला ते दिसणार कसं?

तिसरी भूमिका या दोन्हींच्या बाहेरची आहे. परकी लायब्ररी आपल्या प्रोग्रामच्या मेमरीत घ्यायचीच कशाला? ती वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा आणि निरोपांनी बोला. क्रोमने २०१५ मध्ये जुनी प्लगिन पद्धत बंद केली ती याच दिशेने जाताना. वेब-असेंब्ली हाही असाच कुंपणाचा मार्ग. वेग थोडा कमी होतो, आणि ध्वनी किंवा चित्रं हाताळणाऱ्या प्रोग्रामांना तो ‘थोडा’ पुष्कळ वाटतो.

यंत्रणा आपली दारं आवळतात

हा वाद चालू असताना यंत्रणा बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापले निर्णय घेऊनही टाकले. आयफोनवर २०१४ च्या आयओएस ८ पर्यंत बाहेरच्यांना स्वतःची डायनॅमिक लायब्ररी देताच येत नव्हती. मॅकवर २०२० च्या बिग सर आवृत्तीपासून यंत्रणेच्या लायब्ररी डिस्कवर स्वतंत्र फाइली म्हणून उरल्याच नाहीत. त्या एका समाईक साठ्यात गेल्या. ‘आधी फाइल आहे का ते बघू, मग लोड करू’ अशी सावध पद्धत वापरणारे प्रोग्राम यामुळे मोडले. थेट मागवलं तर मिळतं, शोधलं तर सापडत नाही.

अँड्रॉइडने २०१६ च्या सातव्या आवृत्तीत यंत्रणेच्या खासगी लायब्ररी अ‍ॅपसाठी बंद केल्या. आता मेमरीच्या पानाचा आकार ४ केबीवरून १६ केबीवर जातो आहे. अँड्रॉइड १५ किंवा पुढच्या आवृत्तीसाठी बनवलेल्या नव्या अ‍ॅपमधल्या आणि जुन्या अ‍ॅपच्या सुधारित आवृत्तीमधल्या एसओ फाइली या आकाराला चालल्या पाहिजेत, अशी अट प्ले स्टोअरने १ नोव्हेंबर २०२५ पासून घातली. स्वतःचा कोड जावा किंवा कोटलिनमध्ये लिहिणाऱ्याला वाटतं की याच्याशी आपला संबंध नाही. पण त्याने आणलेल्या पीडीएफ किंवा कॅमेऱ्याच्या तयार पाकिटात जुनी एसओ फाइल असते. जावानेही मार्च २०२५ च्या २४ व्या आवृत्तीपासून परवानगी न घेता बाहेरची लायब्ररी लोड केल्यास इशारा द्यायला सुरुवात केली आहे.

काय उरलं आहे

परवान्यांचा प्रश्न उरला आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते जीपीएल या परवान्याखालची लायब्ररी डायनॅमिक पद्धतीने जोडली तरी एकत्रित कृतीच होते. अनेक वकिलांना आणि प्रोग्रामरांना हे मान्य नाही. एलजीपीएलने वापरणाऱ्याला लायब्ररी बदलता आली पाहिजे अशी अट घालून वाट काढली, पण ज्या फोनवर सही नसलेली लायब्ररी लोडच होत नाही तिथे ही अट कशी पाळायची, यावर मतं वेगळी आहेत.

दुसरा उरलेला प्रश्न मला जास्त तातडीचा वाटतो, तो म्हणजे दडलेल्या अवलंबनाचा. विंडोजवर ‘डिले-लोड’ ही सोय १९९८ पासून आहे. लायब्ररी येते उशिरा, पण तिचं नाव फाइलीत आधीपासून लिहिलेलं असतं. लिनक्सकडे असं काही नव्हतं. सिस्टिमडीच्या मंडळींनी आता ईएलएफ फाइलीत एक नोंद ठेवण्याचा प्रस्ताव मांडून तो स्वतः वापरायला घेतला आहे. डीएलओपनने कोणती लायब्ररी मागवली जाईल, ती अत्यावश्यक आहे, शिफारस केलेली आहे की केवळ सुचवलेली, हे त्यात लिहायचं. पॅकेज बनवणाऱ्या साधनांना ते वाचता येतं. पण ही नोंद ऐच्छिक आहे, आणि विंडोजच्या किंवा मॅकच्या साधनांना ती कळत नाही. लोडलायब्ररीला थेट दिलेलं नाव, पायथनच्या सीटाइप्सला दिलेलं नाव, जावाच्या कोडमधलं नाव, यांपैकी काहीच अशा कोणत्याही यादीत येत नाही. चारही यंत्रणांवर चालणारा प्रोग्राम लिहिणाऱ्याला ही यादी आज हाताने ठेवावी लागते, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ती पुन्हा तपासावी लागते.